वरच्या खोलीतला स्पीकर

श्रावणी स्पीकर हातात धरून खोलीभर फिरत होती. खिडकीत नेला, लाल दिवा. कपाटावर ठेवला, लाल दिवा. पलंगाच्या उशाशी आली तेव्हा दिवा पांढरा झाला.

"यहीं आ रहा है नेटवर्क," ती म्हणाली. "मोठेबाबा, इथेच ठेवावा लागेल."

उशाशी एक स्टूल होतं. त्यावर त्यांच्या बायकोचा, पूर्णिमाचा फोटो आणि पाण्याचा तांब्या. गंगाधररावांनी तांब्या खाली ठेवला, फोटो थोडा सरकवला.

"दुसरी जागा नाही काय?"

"राउटर नीचे है ना. वर एवढंच येतं."

खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ शेखर राहत होता. श्रावणी त्याची मुलगी, बँकेत नोकरीला. दोन्ही मजल्यांना वायफाय एकच, शेखरचं. गंगाधररावांचा फोन बटणांचा होता, त्यावर हे काम होत नव्हतं. म्हणून तिने आईच्या, लताच्या फोनवरून स्पीकर जोडला. खालून लता भजन लावणार, ते वर वाजणार.

"मले काहून पाहिजे हे?"

"पप्पा म्हणतात, वर फार सुनं वाटते."

त्यांनी खाली ठेवलेला तांब्या उचलून खिडकीत ठेवला.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या या घरात लता सून होऊन आली तेव्हापासून गंगाधररावांशी थेट बोलली नव्हती. भासऱ्यांसमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, डोक्यावर पदर घ्यायचा आणि गप्प राहायचं, ही सासूबाईंची रीत. सासूबाई गेल्या, पदर खांद्यावर आला, पण बोलणं सुरू झालं नाही. अडलंही नाही. लताला काही सांगायचं तर ती पूर्णिमाला सांगे. गंगाधररावांना काही हवं असलं तर तेही पूर्णिमालाच सांगत.

पूर्णिमा हिवाळ्यात गेली. तेव्हापासून दोन वेळचा डबा खालून येत होता. लता वरणात चिंच फार घाली. गंगाधरराव डबा धुऊन परत पाठवत, निरोप काही नसे.

स्पीकरवर तिन्हीसांजेला भजनं लागत. ती संपली की ते खुर्ची ओढून फोटोसमोर बसत आणि दिवसभराचं सांगत. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या रोलिंग मिलच्या ऑफिसातून घरी आल्यावर सांगत तसंच. तेव्हा पूर्णिमा भाजी निवडत ऐके आणि मध्येच म्हणे, "मग तुम्ही काय म्हटलं?"

"आज पेन्शनच्या लाइनीत उभा होतो," ते म्हणत. "ऊन चढून राहिलं आता. आणि लताच्या वरणानं घसा धरला माझा. हाताला मापच नाही तिच्या."

पुढच्या आठवड्यात वरणातली चिंच गेली. शेखरला आंबट सोसत नसेल, असं त्यांना वाटलं.

मग एके दिवशी शेखर गादी खांद्यावर टाकून जिना चढून आला.

"खाली गरमी फार होते, दादा. मी इथंच दाराशी टाकतो."

"खाली कूलर आहे. वर तर पत्रा तापते."

"कूलरचा आवाज होते."

"आजवर नाही झाला तो?"

"आता होते," शेखर म्हणाला आणि उशी थोपटू लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रावणी सुईदोरा घेऊन वर आली. "मोठेबाबा, निळा शर्ट द्या. बटन लावते."

गंगाधररावांनी शर्ट काढून दिला. मग थांबले.

"बटन तुटलं, हे तुले कोणं सांगितलं?"

"आईने."

"अन् तिले?"

श्रावणीने दोरा दाताने तोडला. स्पीकरकडे पाहिलं, मग सुईकडे.

"वो चालू रहता है ना. मम्मी के फोन पे इधर की आवाज़ जाती है." ती घाईने पुढे म्हणाली, "तुम्हाला काही झालं तर कळावं म्हणून केलं होतं. बाकी काही नाही."

"रोज ऐकते ती?"

"भजनानंतर. पदर तोंडाला लावून बसते. मी म्हटलं, मम्मी, बंद करो, अच्छा नहीं लगता. तर म्हणते, ताईला सांगून राहिले ते. मी मध्ये नाही बोलत."

बटण लावून झालं. शर्ट खुंटीला अडकवून ती खाली गेली.

गंगाधरराव पलंगावर बसून राहिले. काय काय बोललो, ते आठवू लागले. चिंच. पेन्शन. दवाखान्यातली शेवटची दुपार, ती तर दोनदा. आणि परवा हात फोटोच्या काचेवर ठेवून म्हटलेलं, की पूर्णिमा, सकाळी जागच येऊ नये असं वाटते.

दाराशी शेखरची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

तिन्हीसांज झाली. भजनं लागली आणि संपली. ते उठले. स्पीकरची वायर भिंतीतल्या बटणापर्यंत गेली होती. बटणावर बोट ठेवून ते उभे राहिले. बंद केलं असतं तर खाली कळलं असतं. शेखर धावत आला असता, त्याला काहीतरी सांगावं लागलं असतं. चालू ठेवलं तर या खोलीत आता बोलायला जागा नव्हती. गच्ची होती, पण तिथून शेजाऱ्यांचं अंगण दिसत होतं. आणि पूर्णिमा त्यांना याच स्टुलावर भेटत होती.

त्यांनी बोट काढलं. खुर्ची ओढून समोर बसले.

"पूर्णिमा," ते म्हणाले. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. "लताले सांग, वरण चांगलं होऊन राहिलं." त्यांनी फोटो जरा सरळ केला. "अन् सांग, उद्यापासून चहा जरा लवकर पाठव. मी उठलेला असतो."

खाली स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला. मग लाटणं पुन्हा फिरू लागलं.

गंगाधररावांनी खुर्ची आणखी पुढे घेतली, गुडघे स्टुलाला टेकेपर्यंत. पुष्कळ सांगायचं राहिलं होतं. ते ओठ मिटून फोटोकडे पाहत बसले, आणि मध्येच एकदा, जणू तिने काही विचारलं, अशी त्यांनी मान हलवली.