प्राण : एक्केचाळीस

"तुमची बाई कुठं उभी आहे, बाबा?" मुलीनं विचारलं.

"मागं. खांबाआड."

"परत?"

"मागूनही कुणी येऊ शकतं. लक्ष नको ठेवायला?"

जावयानं मुकाट्यानं फासे उचलले. खेळात तो वैद्य होता, अंगानं काटकुळा, हातात औषधांची पिशवी. पण गेले आठ रविवार राक्षसांचा मार तोच खात होता. सासऱ्याला बोलणार कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

खेळ साधा होता. टेबलावर नकाशा, प्रत्येकाचं एक पात्र आणि त्या पात्राचा एक कागद. मुलगी गोष्ट सांगायची, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते बोलायचे, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवायचे. बापाच्या वाट्याला आलेलं पात्र म्हणजे एक लढवय्यी बाई. हातात कुऱ्हाड, आणि काम एकच: सगळ्यांच्या पुढं उभं राहून घाव झेलायचे. पात्र मुळात त्याच्या बायकोचं. बायको शाळेची बस चालवायची. आवाज असा की हॉर्नची गरज पडू नये. ती गेली, टेबलापाशी खुर्ची रिकामी राहिली, आणि मुलीनं बापाला तीत आणून बसवलं.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस. जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. पण बाईला मागं ठेवण्याचं कारण ते नव्हतं. कागदावर 'प्राण' असा एक चौकोन होता आणि त्यात बायकोनं पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहिलं होतं, चारची गाठ नेहमीसारखी अर्धवट सोडून. एक घाव बसला की तो आकडा खोडायचा आणि उरलेले प्राण लिहायचे, असा नियम. बाकीचा कागद छापील होता. तिच्या हातचं त्यावर तेवढंच होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"भाऊजी," चौथ्या खुर्चीतली चिमणी म्हणाली. ती बायकोच्या बसमध्ये मुलांना चढवायची-उतरवायची. चण एवढीशी, जीभ मात्र हातभर. "रागवा हवं तर. ब्रेक लागेनात त्या दिवशी ताईंनी बस भिंतीवर घातली, ती स्वतःच्या बाजूनं. पोरांना ओरखडा नाही. आणि तुम्ही त्यांना खांबाआड दडवताय?"

"तुला नाही कळायचं."

"काय नाही कळायचं? सांगा तरी."

त्यानं कागद पुढं सरकवला आणि चौकोनावर बोट ठेवलं. "हा आकडा तिच्या हातचा आहे."

मुलीनं तो कागद कितीदा पाहिला होता, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

"मी दुसरा छापून देते, बाबा," ती म्हणाली. "हा घरी जपून ठेवा."

"मग त्या दुसऱ्यावर कोण असेल?" त्यानं विचारलं.

त्यानं कागद परत आपल्यापुढं ओढला.

"वैद्याचे प्राण किती उरलेत?"

"तीन," जावई म्हणाला. "पण चालेल, बाबा. मला सवय झालीय."

त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"ती पुढं येते," तो म्हणाला. "दारात उभी राहते. तुम्ही तिच्या मागून निघा, सगळे."

मुलीनं राक्षसांच्या घावासाठी फासे टाकले. मोजले, परत मोजले. "एकोणतीस," ती हळूच म्हणाली.

"एवढे?" चिमणी म्हणाली.

त्यानं खोडरबर घेतलं. दुकानात काचेवरचा डाग काढायचा तसा हलक्या हातानं घासू लागला. चार सहज गेला; एकासाठी जरा जोर लावावा लागला. मग त्यानं चौकोनात आपल्या नीटस अक्षरात बारा लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आहे अजून," तो म्हणाला. "आता वार तिचाच ना?"