खुराड्याची स्लायडिंग खिडकी

दशरथ नाचणकरांनी खुराड्याला अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी बसवली, तेव्हा भाईंदरजवळच्या डोंगरीतली अर्धी आळी ती बघून गेली. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यातून खास माप देऊन करून आणलेली. चारी बाजूंनी रबराची पट्टी, थेंब म्हणून आत जायचा नाही. नाचणकरांनी विम्याच्या कचेरीत अडतीस वर्षं लोकांना संकटाची आगाऊ तयारी शिकवली होती. निवृत्त होऊन इकडे राहायला आल्यावर काळजी करायला हाताशी तीन कोंबड्या उरल्या.

"नळ नि गॅसची लाईन तेवढी द्या आता," त्यांची बायको उर्मिला म्हणाली. "वन रूम किचन होईल."

कोंबड्या शेजारच्या सुगंधाताईंनी दिल्या होत्या, पण बजावून. "नीट सांभाळल्यात तर तुमच्या, दादा. न्हायतर मी परत नेनार."

तिघींतल्या तांबडीला नाचणकर 'मॅडम' म्हणत. मान तिरकी करून एका डोळ्याने बघायची तिची पद्धत थेट त्यांच्या जुन्या शाखाधिकारी बाईंसारखी होती. संध्याकाळी ते चहा घेऊन पायरीवर बसले की मॅडम त्यांच्या पावलांशी येऊन बसे आणि ते सांगतील ते ऐकून घेई. घरात तेवढा धीर कोणाला नव्हता.

भाद्रपदात मॅडम खुडूक झाली. पोटाखाली अंडं नाही, तरी रात्रंदिवस खुराड्याच्या कोपऱ्यात बसून. बाकीच्या दोघी दिवसभर परसात उकरत फिरत. आठवड्याभराने मॅडम चोच उघडी टाकून श्वास घेऊ लागली. छातीतून घरघर ऐकू यायची.

नाचणकरांनी पाण्यात लसूण ठेचून घातला. दुसऱ्या दिवशी कण्यांना हळद चोळली. तिसऱ्या दिवशी आल्याचा रस.

"अहो, औषध देताय की वाटण लावताय?" उर्मिलाने विचारलं.

ते हसले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी खुराड्यात निखाऱ्यावर ओवा टाकला आणि धुरी वाया जाऊ नये म्हणून खिडकी घट्ट सरकवली. मॅडम धडपडत बाहेर आली आणि जमिनीवर पंख पसरून धापा टाकत राहिली.

उर्मिलाने धुणं तिथंच टाकलं. "धाप लागलेल्या जीवाला धूर दिलात?"

तिने स्वतःच भाईंदरच्या पशुवैद्य बाईंना फोन लावला. बाईंनी कोंबडीविषयी थोडं आणि खुराड्याविषयी बरंच विचारलं. मग म्हणाल्या, "लसणाने बिघडत नाही, पण बुरशी छातीत खोल उतरली असेल तर लसूण काय, माझ्याकडची औषधंसुद्धा फारशी चालत नाहीत. आधी तिला कोरड्या, मोकळ्या हवेत ठेवा. दोन दिवसांत उतार पडला नाही तर घेऊन या."

"बुरशी? माझ्या खुराड्यात?" नाचणकर म्हणाले. "थेंब जात नाही आत!"

एवढ्यात कुंपणापाशी सुगंधाताई उभ्या राहिल्या. मॅडमकडे एकदा बघून त्यांनी पदर खोचला. "द्या हिकडं. मी न्हेते."

"ताई, खुराड्याचा दोष नाही. एकदा आत तर बघा."

"मी कशाला बघू? तुमीच बसा की आत. तिनं धा दिवस काढलं, तुमी धा मिनटं काढा."

नाचणकर हट्टाला पेटले. गुडघे टेकून, पोट आवळून ते खुराड्यात शिरले आणि आतून दार नि खिडकी लावून घेतली. उर्मिलाने घड्याळ पाहिलं. आत आधी ओव्याचा वास आला, मग त्याच्याखालचा, बंद कपाटात राहिलेल्या ओल्या चपलेसारखा. काचेला आतून घाम सुटला होता. बसायला नीट जागा करावी म्हणून त्यांनी भुसा उकरला. वरचा थर ताजा होता, तो रोज तेच टाकत. खालचा मात्र ढेकळासारखा घट्ट झाला होता, आणि ढेकूळ फुटताच त्यातून राखाडी भुकटी उडाली.

पहिली शिंक काचेवरच बसली. मग एकामागून एक सात.

"तीन मिनिटं," उर्मिला म्हणाली. "मॅडम सरस निघाली."

बाहेर आलेल्या नाचणकरांचे डोळे लाल झाले होते, आणि ते सगळं शिंकांमुळे नव्हतं. "ओल बाहेरून येईल म्हणून बंद केलं मी," ते पुटपुटले.

"दादा, कोंबडी सोता श्वास सोडते, सोता घान करते. ती ओल जानार कुठं?" सुगंधाताईंनी मॅडमला काखेत घेतलं. आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "माझ्या पडवीत ऱ्हाईल. जगली तर मग बोलू."

त्या दुपारीच नाचणकरांनी नाकाला रुमाल बांधून सगळा भुसा बाहेर काढला. कण्यांचा डबा हुंगला. त्यातही तोच वास होता, तोही रिकामा केला. खिडकी काढून तिथं बारीक जाळी ठोकली आणि छपराखाली वीतभर फट ठेवली. भिंतींना चुना दिला. उन्हाची तिरीप येईल तेवढ्यात नवा भुसा वाळवला, वर आभाळ भरलं की धावत आत नेला. रोज दोनदा ते कुंपणाशी जाऊन उभे राहत. पहिल्या दिवशी सुगंधाताईंनी नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घरघर कमी हाय." तिसऱ्या दिवशी, "झुरळ खाल्लं."

"झुरळ खाल्लं!" नाचणकरांनी घरात येऊन सांगितलं.

"पेढे आणू?" उर्मिला म्हणाली. पण त्या दिवशी चहात तिने आलं जास्त घातलं.

सातव्या दिवशी सुगंधाताई मॅडमला घेऊन आल्या. त्यांनी आधी खुराड्यात हात घालून तळाचा भुसा उचलला, मुठीत दाबला, सोडला. तो भुरभुर सुटला. मग हुंगला. नाचणकर शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "पन मी सांगून काय उपेग? तिला विचारा."

मॅडमला परसात सोडलं. ती खुराड्यापर्यंत गेली, मान तिरकी करून जाळीकडे एका डोळ्याने पाहिलं, आणि माघारी फिरली. नाचणकर पुढे सरसावले, तशी उर्मिलाने त्यांची बाही धरली.

"ढकलू नका हो."

दिवस कलला. बाकीच्या दोघी आत जाऊन दांडीवर बसल्या. मॅडमने परसाला आणखी दोन फेऱ्या घातल्या, उंबऱ्यावर एक पाय ठेवला, तो तसाच ठेवून बराच वेळ विचार केला, आणि आत गेली. कोपऱ्यात गेली नाही. उडी मारून दांडीवर, जाळीच्या अगदी जवळ बसली.

"मग... ठेवू मी हिला?" नाचणकरांनी हळूच विचारलं.

सुगंधाताई केव्हाच फाटकाकडे वळल्या होत्या. "गेली ना आत? आता मला काय इचारता!"