रविवारची दाढी

"मान हलवू नका, बाबा. कापेल."

"तो बघणार आहे ना," सासरे म्हणाले आणि पुन्हा मान हलवली.

रविवारी धाकट्या मुलाचा फोन, म्हणून रविवारी सुनेच्या हातून सासऱ्यांची दाढी. धाकटा एका इस्पितळाच्या जहाजावर विनापगारी सेवा करत होता. बंदरोबंदरी लोकांच्या मोतीबिंदूंची ऑपरेशनं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडायचं काम त्याच्याकडे. घरात या गृहस्थाने कधी गॅसची टाकी बदलली नव्हती. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मात्र बाह्या सरसावून पुढे. थोरल्या सुनेला त्याचा मनस्वी तिटकारा होता. फक्त सासऱ्यांपुढे ती तो गिळायची.

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आणखी थांबलात तर दृष्टीची खात्री नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऑपरेशन धाकटा आल्यावरच, हा म्हाताऱ्याचा हट्ट, आणि त्याला कळवायचंही नाही. "पुण्यकर्मात गुंतलाय तो. उगाच कशाला त्याचा पाय मागे ओढायचा?"

फोन वाजला. तिने तो साखरेच्या बरणीला टेकवून उभा केला.

"बाबा, वहिनी, हे बघा! आत्ताच पट्टी काढली!" पडद्यावर एक दाढीवाला म्हातारा डोळे मिचकावत हसत होता. धाकटा कॅमेऱ्यामागे.

सासरे पुढे वाकले. चेहरा उजळला. "अरे, किती दाढी वाढवलीस! कर की."

तिने फोनकडे पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे बघणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं.

धाकटा खदखदून हसला. "फिरकी घ्यायची सवय गेली नाही हं बाबांची! बरं, मी अजून सहा महिने इथेच राहतोय. फार गरज आहे हो इथे."

"भावजी, अहो बाबांना..."

सासऱ्यांनी चाचपत तिचं मनगट शोधलं आणि घट्ट दाबलं. "राहा, राहा. लोकांचं भलं होतंय."

फोन बंद झाला. तसं त्यांनी विचारलं, "तो नव्हता ना तो?"

"नव्हता."

"मग तो कसा दिसत होता?"

धाकट्याने स्वतःचं तोंड दाखवलंच नव्हतं. तिच्या ओठांवर शिवी आली होती.

"छान. गुळगुळीत दाढी केली होती."

"हो ना?" सासरे समाधानाने स्वतःच्याच गालावरून हात फिरवत राहिले.

त्यांच्या कानामागे साबण सुकला होता. तो तिने ओल्या रुमालाने पुसला आणि बरणीला टेकलेला फोन पालथा घातला.