सात नंबरचा बिल्ला

हॉटेलच्या खोलीत टेबलावर पाण्याचा ग्लास, त्याच्याखाली चुरगळलेला नकाशा, शेजारी एक पिवळी शिट्टी. खोली साफ करणारी बाई शिट्टी उचलते, टेबल पुसते, शिट्टी होती तिथेच ठेवते.

०

वीस लिटरचा पांढरा कॅन. त्यात पाणी इतकं भरायचं की समुद्रात टाकल्यावर फक्त मान वर राहील. रिकामा कॅन वारा पळवतो. गच्च भरलेला कुठे गेला ते दिसत नाही. नीट भरलेला कॅन माणसासारखा तरंगतो आणि प्रवाह नेईल तिकडे जातो. बोटीवर त्याला ‘जावई’ म्हणतात. हे नाव बोट चालवणाऱ्याच्या सासऱ्याने ठेवलं, जावई लग्नानंतर त्यांच्याच घरी राहायला आला त्या वर्षी.

०

चष्मा, टॉवेल, रुमाल, गोळ्यांची डबी. चौतीस वर्षं निवृत्त घड्याळजी काढून ठेवतो आणि त्याची बायको उचलते. त्याला विचाराल तर तो सांगेल, माझी वस्तू कधी हरवत नाही.

०

बोटीच्या शिडीच्या वर, निळ्या रंगात, हाताने रंगवलेलं:

उतरताना आपला बिल्ला खिळ्याला लावा.
वर आल्यावर आपला बिल्ला आपण काढा.
दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नका.

शेवटच्या ओळीवर दोनदा रंग फिरवलेला आहे.

०

“पाण्याशी भांडायचं नाही,” स्कूबा गाईड सकाळी धक्क्यावर सांगत होती. ती त्याच सासऱ्याची मुलगी, म्हणजे बोट चालवणाऱ्याची बायको. “इथे आपण उतरलो तिथे परत येत नाही. प्रवाह आपल्याला नेतो, बोट मागून येते. माझ्या दोरीला वर एक तरंगता बोया बांधलेला असतो, त्याच्यावरून बोटीला कळतं आपण कुठे आहोत. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं. मग सावकाश वर. वर आल्यावर जॅकेट फुगवा, नारिंगी फुगा उभा धरा आणि वाहत राहा. पोहू नका. पोहलात तर आम्ही तुम्हाला तुम्ही नसाल तिथे शोधत बसू.”

“आणि बोट दिसली नाही तर?” निवृत्त घड्याळजीने विचारलं. तो हे सगळं वहीत लिहून घेत होता.

“तर शिट्टी. आम्ही इंजिन बंद करून ऐकतो.”

“किती वेळाने बंद करता?”

“काका, तुम्ही परीक्षेला बसलायत का?”

“हे असंच,” त्याची बायको म्हणाली. तिचा कान दुखत होता, म्हणून ती त्या दिवशी पाण्यात उतरणार नव्हती. “सूचना वाचल्याशिवाय मिक्सरसुद्धा लावत नाहीत.”

०

दहा वाजून पाच मिनिटांनी पाच जण गाईडबरोबर उतरले. शिडीजवळच्या फळीवर सहा खिळ्यांना सहा बिल्ले. घड्याळजीचा सात नंबरचा, कारण सहा नंबरचा मागच्याच महिन्यात कोणाच्या तरी खिशातून घरी गेला होता.

घड्याळजीचा जोडीदार दातांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे कॅमेरा होता. कॅमेरा असलेला जोडीदार म्हणजे अर्धा जोडीदार, हे गाईडला माहीत होतं आणि तरी तिने ती जोडी लावली.

पाण्याखाली एक मोठा खडक आहे. प्रवाह त्याच्यावर येऊन दुभंगतो. चार जण आणि गाईड उजवीकडून गेले. घड्याळजी डावीकडून गेला, कारण त्या क्षणी तो मनगटावरचं घड्याळ पाहत होता.

त्याने एक मिनिट शोधलं. साठ सेकंद, मोजून. मग सावकाश वर आला. दहा वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. खडकाचा माथा पाण्याबाहेर होता, दुमजली घराएवढा, आणि बोट त्याच्या पलीकडे होती.

०

दहा पन्नासला बाकीचे वर आले. काळे सूट, काळे मुखवटे, पाठीवर नळकांडी, एकेक करून शिडीवर. घड्याळजीच्या बायकोने चेहरे पाहिले नाहीत. नवरा कुठल्याही रांगेत शेवटी असतो, हे तिला पाहायची गरज नव्हती. तिने त्याचा टॉवेल उचलला, चष्मा उचलला, खिळ्यावरून सात नंबरचा बिल्ला उचलला, सगळं पिशवीत घातलं आणि खालच्या केबिनमध्ये थर्मासमधली कॉफी ओतायला गेली.

गाईडला पाण्याखालीच कळलं होतं की एक कमी आहे. शिडीवरून डोकं वर येताच तिने फळीकडे पाहिलं. सातचा खिळा रिकामा. म्हणजे काका आधीच वर आले आणि बिल्ला काढून खाली बसलेत. तिने श्वास सोडला.

“सगळे?” वरून गाईडच्या नवऱ्याने विचारलं.

“सगळे,” ती म्हणाली, आणि आपला बिल्ला काढला.

नवऱ्यानेही फळी पाहिली. रिकामी होती. बोट निघाली.

०

कॉफीवर साय धरली. बायको कप घेऊन वर आली.

“हे कुठे आहेत?”

“खाली नाहीत?” डॉक्टर म्हणाला.

“खाली मी आहे.”

गाईडने फळीकडे बोट दाखवलं. “काकू, त्यांचा बिल्ला तर...”

“तो माझ्याकडे आहे,” बायको म्हणाली. “पिशवीत. चष्म्याबरोबर.”

मग इंजिनाचा आवाज बदलला, कारण वर चाकाशी असलेल्या गाईडच्या नवऱ्याने ऐकलं होतं आणि बोट वळवायला घेतली होती. अकरा वाजून दहा मिनिटं. गाईडने वायरलेसवर बंदराला कळवलं: एक माणूस, वय त्रेसष्ट, नारिंगी फुगा. मग बायकोकडून बिल्ला मागून घेतला आणि परत सातच्या खिळ्याला लावला.

०

डॉक्टरच्या कॅमेऱ्यात शेवटचा फोटो होता ज्याच्या कोपऱ्यात घड्याळजीच्या पायाचा रबरी पंख दिसतो. फोटोवर वेळ: दहा सत्तावीस. त्यानंतर एक मिनिट शोध, एक-दीड मिनिट वर यायला.

“एकोणतीसला वर आले असतील,” गाईड म्हणाली. “सूचना पाळल्या असतील तर.”

“पाळतात,” बायको म्हणाली.

०

खडकाच्या डाव्या बाजूला पोचल्यावर गाईडच्या नवऱ्याने बोट थांबवली आणि जावई पाण्यात सोडला.

“आता?” डॉक्टरने विचारलं.

“आता दहा मिनिटं काही करायचं नाही. तो कुठे जातो ते बघायचं.”

“आपण गोल फिरून शोधू या की. दहा मिनिटं म्हणजे...”

“डॉक्टर, तुम्ही एक्सरे न काढता दात उपटता का?”

डॉक्टर बसला. गाईड नवऱ्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “मीही फिरूनच शोधलं असतं.”

“माहीत आहे. म्हणून चाक माझ्या हातात आहे.”

“मी ‘सगळे’ म्हणाले.”

“मीही फळी पाहिली. नंतर बोलू.”

पांढरी मान लाटांमध्ये वर-खाली होत लांब गेली. बायको कठड्याला धरून उभी होती. चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, “याला जावई का म्हणतात?”

“मान वर काढून असतो आणि लोक नेतील तिकडे जातो,” गाईडचा नवरा म्हणाला. “सासरेबुवांचा विनोद. पण आजवर तो कधी चुकला नाही, हेही तेच सांगायचे.”

“आणि माणूस पोहायला लागला तर?”

“तर मग जावई एकीकडे आणि तो दुसरीकडे. काकू, ते पोहतील का?”

ती कॅनकडेच पाहत होती. “रिकामे बसत नाहीत कधी. बंद पडलेलं घड्याळ दिसलं तर दुसऱ्याच्या भिंतीवरून काढतात.” मग म्हणाली, “पण वहीत लिहून घेतलंय.”

दहा मिनिटांत कॅन सहाशे मीटरला थोडा कमी गेला होता, आग्नेयेला. नवऱ्याने पडद्यावर रेघ काढली, मिनिटांनी गुणलं, फुग्याला लागणाऱ्या वाऱ्यासाठी रेघ थोडी डावीकडे झुकवली. चार किलोमीटरच्या आसपास. बोट त्या रेघेवर निघाली.

०

घड्याळजीला बोट जाताना दिसली होती. त्याने फुगा हलवला. त्याच्या बऱ्याच आधी, वर आल्याआल्या, त्याने खडकाकडे पाहिलं होतं. तेव्हा खडक दोनशे मीटरवर होता आणि पोहत जाता येईल असं वाटत होतं. दहा हात मारले. मनगटाकडे पाहिलं, खडकाकडे पाहिलं. खडक आणखी लांब गेला होता. तो थांबला. कमरेची वजनं सोडून दिली, पाय पोटाशी घेतले, आणि यानंतर काहीही केलं नाही. दर पाच मिनिटांनी तो तीनदा शिट्टी फुंकत होता. इंजिन किती वेळाने बंद करतात, याचं उत्तर त्याला मिळालं नव्हतं. त्याने स्वतः पाच ठरवलं.

०

ऊन समोरून होतं. पाण्यावर इतकी चमक होती की नारिंगी काय, काळंसुद्धा दिसत नव्हतं. रेघ संपली. इंजिन बंद केलं. काही नाही. अर्धा किलोमीटर पुढे, पुन्हा बंद.

“काही नाही,” डॉक्टर म्हणाला.

“गप्प बसा,” बायको म्हणाली, सगळ्यांत शांतपणे.

तीन बारीक आवाज. मग काही नाही. गाईडने हात डावीकडे केला, बायकोनेही त्याच वेळी केला. दुखरा कान उजवा होता.

अकरा अठ्ठावन्नला त्याला शिडीशी आणलं. ओठ निळे, बोटं कातडं भिजून पांढरी. लाल शिट्टी अजून दातांत होती. ती काढून तो म्हणाला, “एकोणनव्वद मिनिटं.”

“कॉफी गार झाली,” बायको म्हणाली.

“माझा चष्मा?”

तिने दिला. त्याने तो लावला, फळीकडे पाहिलं, आणि गारठलेल्या बोटांनी सात नंबरचा बिल्ला काढायला लागला. दोरा खिळ्यात अडकला होता. बराच वेळ लागला. सगळे उभे राहून पाहत होते. बायकोने दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

०

ती लाल शिट्टी बायकोची होती. सकाळी धक्क्यावर, तो वहीत लिहीत असताना, त्याची पिवळी शिट्टी जॅकेटला नाही हे पाहून तिने आपल्या जॅकेटची सोडली आणि त्याच्या जॅकेटला बांधली.