टाकी स्वच्छ

ताईच्या नाकाची प्रयोगशाळेत दहशत होती. कुणी अत्तर लावून आलं, की ती त्याला दारातूनच परत पाठवायची, मग ते प्रयोगशाळेचे प्रमुख सर का असेनात. दोन मजली उंचीची ती स्टीलची टाकी बारा वर्षं तिच्या ताब्यात होती. टाकीत गाळून गाळून स्वच्छ केलेली हवा भरायची, आम्लाची नखभर वाफ सोडायची आणि हवेतल्या हवेत नवे कण कसे जन्माला येतात ते मोजायचं, असं तिथलं काम. ढगातले थेंब धरतात ते अशाच कणांवर. रोज सकाळी ताई शिडी चढून टाकीत डोकं घालायची, वास घ्यायची आणि वहीत लिहायची, 'टाकी स्वच्छ'. खाली सही. त्यानंतर कुणी टाकी तपासत नसे.

आणि मग तिची धाकटी बहीण शास्त्रज्ञ होऊन त्याच प्रयोगशाळेत आली.

आईच्या आजारपणात ताईचं शिक्षण सुटलं होतं. धाकटीचं सुटू नये म्हणून तिने टाकी धुण्याची नोकरी धरली, धाकटीची फी भरली, परीक्षेच्या दिवसांत तिला पहाटे चहा करून दिला. आता त्याच धाकटीला चारचौघांत 'मॅडम' म्हणायचं! घरी एकाच डब्यात दोघींची भाजी भरताना ताईच्या मनात यायचं, आपण चूल फुंकली आणि ही आयत्या ताटावर बसली. असं मनात आलं की तिला स्वतःची लाज वाटायची. पण लाजेने जळफळाट थोडाच थांबतो?

खरी आग वेगळीच होती. हवेत वीजभार असलेले रेणू असतातच, त्यांना आयन म्हणतात. टाकीतल्या जाळ्यांना वीज दिली की आयन ओढले जाऊन जाळीला चिकटतात. वीज बंद केली की मोकळे फिरतात. धाकटीचं म्हणणं असं, की आम्लाचे दोन-चार रेणू जवळ येतात आणि लगेच पांगतात, पण मध्ये आयन असला तर तो त्यांना धरून ठेवतो. म्हणून आयन असले की कण पुष्कळ, नसले की जेमतेम. हेच ताईने नऊ वर्षांपूर्वी वहीच्या कडेला लिहिलं होतं, 'जाळीची वीज बंद असताना कण जास्त येतात.' तेव्हा सर हसून म्हणाले होते, "ताई, तुम्ही टाकी धुवा, विचार आम्ही करतो." आणि आता तेच सर धाकटीची पाठ थोपटत होते.

त्या दिवशी बाहेरच्या समितीच्या बाई प्रयोग बघायला येणार होत्या. प्रयोग जमला तर धाकटीची नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर तिची मुदत संपत होती.

सकाळी ताईने टाकीत डोकं घातलं आणि तिचं नाक झणझणलं. अमोनिया! खाली नव्या सफाईवाल्या मावशी कौतुकाच्या आशेने उभ्या होत्या. "पाहुणे येणार ना, म्हणून टाकीच्या खिडकीची काच आतून निळ्या फवाऱ्याने पुसली. बघा कशी लखलखतेय!"

काच पुसायच्या त्या फवाऱ्यात अमोनिया असतो, आणि तो असला की आम्लाच्या रेणूंना आयनाची गरजच उरत नाही, ते आपले आपणच चिकटतात. मग जाळीला वीज द्या नाहीतर देऊ नका, कण सारखेच. टाकी धुवायला दोन दिवस लागले असते. एक वाक्य बोलायचा अवकाश, प्रयोग पुढे ढकलला गेला असता.

ताई खाली उतरली. तिने वहीत लिहिलं, 'टाकी स्वच्छ', आणि सही केली. सही रोजच्यासारखीच ठसठशीत आली, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

दुपारी प्रयोग झाला. जाळीला वीज असताना कण मोजणाऱ्या काउंटरवर नऊशेच्या आसपास आकडा आला. वीज बंद केली, तरी नऊशेच्याच आसपास. सरांचा चेहरा पडला.

"टाकीत काही राहिलं असेल का?" समितीच्या बाईंनी विचारलं.

धाकटीने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "नाही. ही माझ्या ताईची सही आहे. ती स्वच्छ म्हणाली म्हणजे टाकी स्वच्छच." "माझंच म्हणणं चुकलं असणार. मी ते मागे घेते."

ताईला वाटलं होतं, बहीण आपल्याकडे बोट दाखवेल, मग आपणही चार शब्द सुनावू. हे असलं काही तिच्या हिशेबातच नव्हतं.

"टाकी स्वच्छ नव्हती," ती म्हणाली. "आत अमोनिया आहे. मावशींना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची चूक नाही. मला सकाळीच वास आला होता."

"मग सही कशी केलीत?" सर ओरडले.

"पोटात दुखलं माझ्या! हिचं चांगलं होतंय ते बघवलं नाही, म्हणून केली."

समितीच्या बाई पर्स उचलत म्हणाल्या, "धुवा. मी परवा येते."

दोन दिवस ताईने टाकी धुतली. घरी धाकटीने भांडण केलं नाही, रडली नाही, फक्त डबा वेगळा भरला.

तिसऱ्या दिवशी ताईने दोनदा वास घेतला, 'टाकी स्वच्छ' लिहिलं आणि सही केली. धाकटी आली. तिने वही वाचली, मिटली आणि गुपचूप शिडी चढून स्वतः टाकीत डोकं घातलं.

ताई खाली शिडी धरून उभी राहिली.

प्रयोग उत्तम झाला. वीज असताना अकरा कण, बंद केल्यावर नऊशे चाळीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईने सगळ्यांत जोरात, आणि अगदी मनापासून. मग ती वही जागेवर ठेवायला गेली. तिच्या सहीखाली आज पहिल्यांदाच दुसरी सही होती.