रोपांआधी पाहुण्यांची नावं

प्रतीक्षाच्या शेडनेटमधली बावीस हजार मिरचीची रोपं अडतीस दिवसांची झाली होती. आठवड्याभरात ती कुणाच्या शेतात लागली नसती, तर ट्रेमध्येच उंच वाढून वाकली असती. धामणगाव बढ्यात तिच्याकडून कुणी रोप घेईना. 'कालची पोर, तिले काय समजते,' म्हणत. म्हणून तिनं मोबाइलवर स्वतःच्या नावाचं पान उघडलं. चौथीपर्यंत मीच तिला शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे व्हिडिओ काढताना मोबाइल धरायचं काम माझ्याकडे आलं.

रेंज चांगली होती. अडचण हिंमतरावांची होती. ते तिचे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. जागा त्यांची, विहीर त्यांची. पाहुण्यांची नावं घेतल्याशिवाय गावात साधं बक्षीस वाटप होत नाही, मग व्हिडिओ कसा व्हावा?

पहिल्या वेळी हिंमतरावांनी बोलावलेल्या पाहुण्यांपैकी पंजाबरावांचं नाव राहिलं. पुन्हा काढला. मग माजी सरपंच भगवानरावांच्या आधी पंजाबराव आले. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी नावं क्रमानं झाली, शाल-नारळ झालं, आणि प्रतीक्षा रोपांकडे वळेपर्यंत सव्वातीन मिनिटं उलटली. चारशे जणांनी तो व्हिडिओ उघडला आणि बहुतेक दहा सेकंदांत पळाले. खाली एकानं विचारलं होतं, 'लगन कोनाचं हाय?'

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा म्हणाली, "मोठेबाबा, आज मी नावं नाही घेत."

"काऊन? पंजाबरावले कोनतं तोंड दाखवू मी?"

"रोपं वाकतीन तवा पंजाबराव सरळ करतीन का?"

"पोरीची जीभ पाहा, गुरुजी! तुमीच शिकवलं हिले."

"मी अक्षरं शिकवली हो," मी वैतागून म्हणालो, "जीभ तुमच्या घरची आहे."

चूक तोंडानं सांगून कुठल्याच पोराला पटत नाही. पाटी त्याच्याच हातात द्यावी लागते. हिंमतरावांचं वय बासष्ट, पण इलाज तोच. सोयाबीनच्या खोडमाशीवर काय फवारावं, हे ते आठवडाभर मला विचारत होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाचा त्यावरचा व्हिडिओ शोधून मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्या गृहस्थानं नमस्कार केला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला हिंमतरावांचा अंगठा हलला.

"याच्या काकाचं काय करू बे मी? औषध सांग ना!"

व्हिडिओ त्यांनी पुढं सरकवला. मी तो परत सुरुवातीला आणला.

"गुरुजी, काय करून राह्यले तुमी? मुद्द्याचं दाखवा."

हिंमतरावांनी मोबाइल खाली ठेवला.

"पन याची मानसं मले माहीत नाहीत," ते हळूच म्हणाले. "आपली मानसं मोठी हायेत."

"पण रोपं घेणाऱ्या जळगाव जामोदच्या शेतकऱ्याला ती माहीत आहेत?" मी विचारलं.

"करा मनासारखं!" म्हणत ते दारात पाठ करून उभे राहिले.

प्रतीक्षानं चाळीस सेकंदांत काम संपवलं. आपलं नाव, गाव, फोन नंबर, रोपांचं वय सांगितलं. एक रोप ट्रेमधून उपसून पांढरी मुळं दाखवली. मग बाजूला काढलेले तीन ट्रे दाखवले. "यायची पानं रोगानं कोकडली हायेत. हे मी कोनाले देनार नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. तिचे हात मातीत होते, म्हणून हिंमतरावांनी उचलला.

"बोला. मी हिंमतराव, सोसायटीचा माजी चेअरमन, तसंच..."

"बाबा, ते असू द्या," पलीकडचा मोठ्यानं म्हणाला. "मिरचीवाल्या प्रतीक्षाताईले द्या. जळगाव जामोदहून बोलून राह्यलो. आमाले तिघाले मिळून अठरा हजार रोपं पायजेत."

हिंमतरावांचा चेहरा उतरला. पण फोन त्यांनी स्वतःच तिच्या कानाला लावला आणि बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात पंजाबराव तणतणत आत आले.

"हिंमतराव, म्हने माह्यं नाव गाळलं!"

"माह्यंही नाही त्यात," हिंमतराव म्हणाले. "पोरीचंच हाय. या, ट्रे उचलू लागा. संध्याकाळी गाडी येऊन राह्यली."