अस्तरातली वाक्यं

मी एक जुना कोट आहे. मित्रांनो, इतर कोट वापरून जुने होतात, मला मात्र जन्मतःच म्हातारं केलं गेलं. नाटक कंपनीच्या शिंप्याने तपकिरी लोकरी कापडातून मला नीट शिवलं, झकास इस्त्री केली आणि मग माझी कोपरं पॉलिश पेपरने घासून पार विरवली. "आता शोभतोस गरीब बापाचा कोट," तो म्हणाला. पहिला अपमान आणि पहिलं काम मला एकाच दिवशी मिळालं.

नाटकात एक वडील बऱ्याच वर्षांनी मुलाच्या घरी येतात. दुसऱ्या अंकात ते मला घालून दारात उभे राहतात. ही भूमिका दादा करत. कंपनीतले सगळे त्यांना वचकून असत. फक्त कपडेपट सांभाळणाऱ्या काकू त्यांना चार शब्द सुनवायच्या. काकू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे काकू म्हणतात म्हणून दादाही काकूच म्हणत, आणि वर अगं-तुगं करत.

तीनशेएक प्रयोग झाल्यावर दादा वाक्यं विसरू लागले. एका संध्याकाळी ते कपडेपटात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"काकू, रोजची वाक्यं सापडत नाहीत गं मला. पहिले दोन शब्द मिळाले की पुढचं सगळं येतं. पण हे बाहेर कळलं तर उद्या माझ्या जागी दुसऱ्याला उभा करतील."

काकूंनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि मला उलटं केलं. "सांगा," त्या म्हणाल्या.

माझ्या काळ्या अस्तरावर, डाव्या बाजूला, प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द त्यांनी टाक्यांनी लिहिले. अडलं की दादा चष्मा शोधल्यासारखं करून मला आतून बघत. वर्तमानपत्रांनी त्या चष्मा शोधण्याची फार तारीफ केली. मला हसू यायचं आणि त्यांची काळजीही वाटायची.

प्रयोगानंतर दादा लेखकाचे, दिग्दर्शकाचे, प्रकाशयोजना करणाऱ्याचे आणि प्रेक्षकांचे आभार मानत. काकूंचं नाव कधीच येत नसे. नाव घेतलं तर कशाबद्दल, तेही सांगावं लागलं असतं. काकूंनी ते मनावर घेतलं नाही, मी मात्र घेतलं.

पाचशेव्या प्रयोगाला सगळ्यांनी प्रेमाने घोळ घातला. मंडळींनी गुपचूप हुबेहूब माझ्यासारखा नवा कोट शिवून घेतला, तो दादांच्या अंगावर चढवला आणि टाळ्या वाजवल्या. नको म्हणावं, तर का ते सांगणं आलं. दादा कसनुसं हसले. मी विंगेतल्या पेटीत पडलो. काकू तेव्हा वरच्या खोलीत इस्त्री करत होत्या.

दुसरा अंक सुरू झाला. दादांची दोन वाक्यं झाली आणि मग शांतता पसरली. पेटीतून मला ती ऐकू येत होती. मुलाचं काम करणाऱ्या नटाने आपलं वाक्य पुन्हा म्हटलं. तरी दादा गप्पच. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. तेवढ्यात काकू जिना उतरून आल्या, त्यांनी नवा कोट पाहिला आणि पेटी उघडली.

उभ्या आयुष्यात काकूंनी रंगमंचावर पाऊल ठेवलं नव्हतं. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, आणि मला हातावर टाकून त्या सरळ आत गेल्या.

"बाबा, तो कोट ओला आहे, सर्दी होईल. हा घाला बघू."

प्रेक्षकांना वाटलं, घरातली कामवाली असेल. दादांनी नवा कोट उतरवून मला घातलं. मुलाच्या नटाला पांढरे टाके दिसले, पण त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादांनी चष्मा शोधला, आणि प्रयोग शेवटपर्यंत गेला. त्या दिवशीही दादांनी सगळ्यांचे आभार मानले. काकूंसमोर आल्यावर त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"राहू दे, आधी जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

वर्षभराने दादांनी काम थांबवलं. मी पेटीत गेलो. डांबराच्या गोळ्या होत्या, तरी कसरीने माझी कॉलर खाल्लीच. काही वर्षांनी कंपनीने जुनं सामान काढलं तेव्हा काकूंनी मला मागून घेतलं, आणि एका दुपारी पिशवीत घालून दादांच्या घरी नेलं.

दार त्यांच्या मुलीने उघडलं. "काकू, ते आता कुणाला ओळखत नाहीत हो. वाईट वाटून घेऊ नका."

काकूंनी मला दादांच्या अंगावर चढवलं. त्यांचा हात सवयीने आत गेला. टाक्यांवर बोट ठेवून त्यांनी दोन शब्द वाचले, आणि पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं. बसल्या जागी त्यांनी अख्खा प्रवेश म्हटला. मुलगी भिंतीला टेकून रडत होती.

दादांनी काकूंकडे पाहिलं. "बाई, हे टाके तुम्ही घातलेत?"

"हो."

खुर्चीचा आधार घेत ते उभे राहिले. "आमच्या कंपनीत एक काकू आहे. तिनेही माझ्यासाठी असंच केलंय. तिचे आभार मानायचे राहून गेले माझ्याकडून. तुम्हाला भेटली तर सांगाल?"

"सांगते," काकू म्हणाल्या आणि माझी खाल्लेली कॉलर सारखी करत राहिल्या.

मित्रांनो, माझी कॉलर आता दुरुस्त होणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. एवढंच मागतो. ज्यांचे आभार मानायचे राहिले असतील त्यांच्याकडे आजच जा, त्यांचा चेहरा तुम्हाला ओळखता येतोय तोवर.